शेवटचं काय खोललं होतं?

देवासला एकेकाळी एकाच गावात दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची एक बाजू याची, दुसरी त्याची. बागलीच्या ज्या गॅरेजात मी गेल्या कार्तिकात दोन दिवस बसून काढले, तिथेही तसाच कारभार होता. जागा मामांची, हत्यारं मामांची, शब्दही मामांचा. पण दिवाळीच्या सुट्टीत पीथमपूरहून आलेला त्यांचा भाचा लॅपटॉप उघडून बाकावर बसला की निम्मं राज्य त्याचं. माझी गाडी दोन्ही पात्यांच्या सीमेवर उभी होती आणि थरथरत होती.

गाडी सेकंडहँड. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तक्रार अशी की, उभ्या गाडीत सीटखाली एक बारीक गुदगुली जाणवायची. रेस दिली की ती स्टिअरिंगमध्ये चढायची आणि त्याहून वर गेलं की आरसा धूसर दिसायचा. इंदूरच्या एका वर्कशॉपने इंजिनाची तिन्ही माउंटिंगं बदलून दिली. आठवडाभर बरं वाटलं. तेही बहुधा पैसे गेल्याचं समाधान असावं. हाटपिपल्यापर्यंत येता येता दात पुन्हा वाजायला लागले. शेतीच्या हिशेबासाठी बागलीला यायचंच होतं, तेव्हा म्हटलं मामांना दाखवू.

मामांनी बॉनेट उघडलं नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसले, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा दाराच्या कडेवर. मग विचारलं, "शेवटचं काय खोललं होतं हिचं?"

"माउंटिंग," मी म्हणालो. "बाकी काही नाही."

"बाकी काही नाही?"

"नाही."

भाचा तोवर गाडीच्या फॉल्ट-कोडच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खुपसून मोकळा झाला होता. "मामा, एकही कोड नाही. कॉम्प्युटरच्या दृष्टीने गाडी ठणठणीत आहे."

"कॉम्प्युटर सीटवर कुठे बसतो?" मामा म्हणाले.

इथे दोघांच्या शिक्षणाबद्दल सांगायला हवं. मामा घडले ते विहिरीवरच्या डिझेल इंजिनांवर. दोन बाजूंना जात्याच्या पाळूसारखी दोन फ्लायव्हील, हँडल मारून चालू करायचं, मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे. काळी सिंध याच बागलीच्या डोंगरातून निघते, आणि तिच्या काठच्या कितीतरी शेतांवर मामांनी अशी इंजिनं सिमेंटच्या पायावर बसवली. पाया तिरका झाला तर इंजिन आठ दिवसांत बोल्ट तोडून चालायला लागायचं. त्यामुळे मामांचा पहिला संशय सुट्या भागावर नसतो, बसवणाऱ्यावर असतो. भाचा मेकॅनिकल इंजिनिअर. पीथमपूरला गाड्यांचा आवाज आणि कंपनं मोजायचं काम करतो. त्याच्या मते माणसाचं अंग हे वाईट यंत्र आहे. सकाळी एक सांगतं, जेवण झाल्यावर दुसरं.

"तुमच्या तिकडे ती ११.३ किलोमीटरची गोल सडक आहे ना," मामा नॅट्रॅक्सबद्दल बोलत होते. २०२१मध्ये सुरू झालेली ती वेगाची धावपट्टी अख्ख्या माळव्याच्या अभिमानाचा विषय आहे. "एक तरी खड्डा आहे का तिला?"

"तिला नाही. पण शेजारीच खड्ड्यांचे वेगळे ट्रॅक आहेत. मुद्दाम बनवलेले, मोजून."

"आमच्याकडे पीडब्ल्यूडी न मोजता बनवते."

एवढं झाल्यावर काम सुरू झालं.

पहिल्या पायरीवर दोघांचं पटलं, आणि ती पायरी कुणालाही घरी करता येईल अशी आहे. गाडी जागेवर उभी, गिअर न्यूट्रलला, आणि रेस वाढवत न्यायची. थरथर तशीच आली तर टायर, चाकं, जॉइंट सगळे सुटले, कारण ती फिरतच नाहीत. दोष इंजिनाच्या बाजूचा. आमची गाडी उभ्या उभ्या थरथरली. १८००ला सगळ्यात जास्त.

पुढे वाटा फुटल्या. भाच्याने चुंबकाचा एक सेन्सर इंजिनाच्या पुढच्या टोकाला चिकटवला. मग तोच मागे, जिथे गिअरबॉक्स इंजिनाला जोडतात त्या बेलहाउसिंगवर. स्क्रीनवर एक सुळका उभा राहिला.

"३० हर्ट्झ," तो म्हणाला. "१८०० भागिले ६०. म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्याला बरोबर एक धक्का. एखादा सिलिंडर मिसिंग मारत असता तर १५वर दिसला असता, कारण प्रत्येक सिलिंडरचा जाळ दोन फेऱ्यांतून एकदा. चारही सिलिंडरचे धक्के ६०वर पडतात. ते आहेतच, पण नेहमीएवढे. हा ३०चा सुळका आगंतुक आहे. आणि पुढच्यापेक्षा मागच्या टोकाला मोठा आहे."

"मग?"

"मग क्रँकच्या वेगाने फिरणारी मागच्या बाजूची वस्तू. दोनच आहेत. फ्लेक्सप्लेट, नाहीतर टॉर्क कन्व्हर्टर. माझं मत कन्व्हर्टर."

मामांनी तरीही पट्टा काढला. पंखा, अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, सगळे गप्प करून मिनिटभर इंजिन चालवलं. फरक पडला नाही. भाचा वैतागला. "तो वेळ फुकट गेला. अल्टरनेटर क्रँकच्या वेगाने फिरतच नाही, त्याचा सुळका कधीच ३०वर येणार नाही. हे मी बसल्या जागी सांगितलं असतं."

"सांगितलंस. आता मला कळलं."

भाच्याची बाजू इथे बळकट होती हे मान्य करायला हवं. मामांनी पट्ट्यावर घालवलेली वीस मिनिटं त्याच्या एका भागाकारात वाचली असती. गॅरेजांतून होणारा निम्मा खर्च या भागाकाराच्या अभावी होतो. माझी तीन माउंटिंगं त्यातलीच. माउंटिंग कंपन निर्माण करत नाही, ते फक्त अडवतं. नवं रबर घातलं म्हणून थरथर काही दिवस झाकली गेली, एवढंच.

फ्लेक्सप्लेट म्हणजे काय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. क्लचच्या गाडीत क्रँकच्या मागे जाडजूड ओतीव फ्लायव्हील असतं. ऑटोमॅटिकमध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर स्वतःच वजनदार असतो, म्हणून तिथे फ्लायव्हीलची गरज उरत नाही. त्याच्या जागी येते एक पातळ पोलादी थाळी, साधारण तीन मिलिमीटर जाड. मधोमध क्रँकचे बोल्ट, बाहेर कन्व्हर्टरचे बोल्ट, आणि कडेला दातांची रिंग, जिच्यावर सेल्फ मारतो. तापल्यावर आणि तेलाचा दाब चढल्यावर कन्व्हर्टर किंचित फुगतो, पुढे-मागे होतो. थाळीने ते लवून सोसायचं, म्हणून ती पातळ. इंजिनाची सगळी ताकद मात्र तिच्यातूनच जाते.

"अमेरिकेतल्या जुन्या व्ही-आठ इंजिनांत तर हिच्यावर वजन जोडलेलं असतं," भाचा रंगात आला. "फोर्डच्या ३०२ इंजिनाला आधी २८ औंसाचं माप होतं, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ५०चं केलं. बोल्टची भोकं तीच. चुकून एकाची थाळी दुसऱ्याला लावली की अख्खी गाडी खिळखिळी. लोक इंजिन पुन्हा खोलतात, पिस्टन तपासतात, आणि चूक असते थाळीवर वेल्ड केलेल्या एका तुकड्याची."

"तुकडा केवढा?"

"समजा २० ग्रॅम इकडचे तिकडे झाले, मध्यापासून १३ सेंटिमीटरवर. गाडी उभी असताना, साडेसातशेच्या फेऱ्यांवर, त्याची ओढ दीड किलोच्या आसपास. १५००वर साडेसहा किलो. ३०००वर २६ किलो. वेग दुप्पट की ओढ चौपट."

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "२६ किलो म्हणजे सोयाबीनच्या अर्ध्या कट्ट्याच्या वर. सेकंदाला पन्नास वेळा." हिशेब त्यांनी मनातच केला होता, आणि बरोबर केला होता.

मग आवाजाकडे वळलो. इंजिन स्लो असताना मागून एक कोरडी टकटक येत होती. अशी टकटक ऐकली की बहुतेक मिस्त्री तोंड पाडून 'कनेक्टिंग रॉड गेला' सांगतात आणि गाडीवाला घाम पुसतो. मामांनी भाच्याला एकेका सिलिंडरचं इंजेक्शन स्कॅनरवरून बंद करायला सांगितलं. रॉडची टकटक असती तर त्या सिलिंडरची पाळी आल्यावर मऊ पडली असती. चारही वेळा ती जशीच्या तशी. मग मामांनी ब्रेक दाबून धरला आणि गिअर 'डी'ला टाकला. टकटक थांबली. न्यूट्रल केलं, परत आली.

"ओझं पडलं की थाळी एका अंगाला रेटली जाते, मग वाजायला जागा राहत नाही," मामा म्हणाले. "रिकामी झाली की सैल पडते. ही तडकलेली आहे."

"किंवा कन्व्हर्टरचे बोल्ट ढिले."

"तेही बघू."

खालचं झाकण काढून बघितलं तर बोल्ट कसलेले होते. मग क्रँकची पुली पान्याने फिरवत एकेक करून तिन्ही बोल्ट काढले. कन्व्हर्टर मागे सरकवून थाळीपासून वेगळा केला आणि इंजिन पुन्हा चालू केलं. टकटक गेली. ३०चा सुळका निम्म्याहून खाली आला.

भाच्याने टाळी वाजवली. "कन्व्हर्टर! वेगळा केला, रोग गेला."

"चोराच्या पाठीवरचं पोतं उतरवलं की त्याची धाप थांबते," मामा म्हणाले. "म्हणून काय पोतं चोर? थाळीवर आता काही लटकतच नाहीये. तिच्यात चीर असली तरी ती आता कशाला बोलेल?"

हा वादाचा खरा गाभा. भाच्याच्या मापाने संशयित दोनांवर आणले होते, पण दोघांतला एक निवडायला ते माप पुरं पडत नव्हतं. मामांनी एक जुनी युक्ती काढली. कन्व्हर्टर एक भोक पुढे फिरवून, म्हणजे एक तृतीयांश फेरा सरकवून, पुन्हा जोडायचा. कन्व्हर्टरचंच वजन एका बाजूला असेल, तर इंजिनाच्या उरल्यासुरल्या असमतोलाशी त्याचं नातं बदलेल आणि थरथर कमी किंवा जास्त होईल. जोडला. सुळका होता तेवढाच, तिथेच.

भाच्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग मामांकडे. "ठीक आहे. कन्व्हर्टर नाही."

मामा त्याच्याकडे लक्ष न देता पिटमधून टॉर्च मारत होते. बाहेर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"दादा, गिअरबॉक्स कधी उतरवला होता?"

"उतरवला नव्हता."

"बेलहाउसिंगच्या बोल्टांवर पान्याचे ताजे वळ आहेत."

मग आठवलं. म्हणजे विसरलो नव्हतो, पण मोजलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी इंजिनाच्या मागून तेल गळत होतं. एका ठिकाणी सील बदलून दिलं, गळती थांबली, माझ्या लेखी ते प्रकरण मिटलं. त्या सीलपर्यंत पोचायला गिअरबॉक्स आणि फ्लेक्सप्लेट दोन्ही काढावी लागतात हे मला माहीत नव्हतं. थरथर त्यानंतर केव्हातरी सुरू झाली. मी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या खणांत ठेवल्या होत्या. डॉक्टर विचारतात, आधी काही ऑपरेशन झालंय का, आणि माणूस म्हणतो नाही, कारण ते पोटाचं होतं आणि आज दुखतोय खांदा. तसंच काहीसं.

"सकाळीच विचारलं होतं," मामा म्हणाले. रागावले नव्हते. तेच जास्त लागलं.

भाचा माझ्या बाजूने उभा राहिला. "मामा, हीच तर अडचण आहे तुमच्या पद्धतीची. ती माणसाच्या आठवणीवर चालते, आणि माणूस खोटं बोलतो किंवा विसरतो. सेन्सर आठ महिन्यांपूर्वीचं विचारत नाही. आत्ता काय आहे ते सांगतो."

"काय आहे ते सांगतो. का आहे ते सांगतो का?"

"का हे कळायला खोलावंच लागेल."

"मग खोल."

दुपारी गिअरबॉक्स उतरला. घोड्यांवर टेकवला आणि थाळी उजेडात आली. मधल्या बोल्टांच्या भोवती केसासारखी चीर होती, एका भोकापासून निघून दुसऱ्याला वळसा घालून तिसऱ्यापर्यंत गेलेली. चिरेच्या कडेने तांबूस भुकटी साचली होती, कुंकवात थोडी राख मिसळावी तशी. दोन लोखंडी पृष्ठं एकमेकांवर घासत राहिली की ही भुकटी पडते. गंज नुसता बसतो, ही चिरेतून बाहेर फेकलेली दिसते. मामांनी बोटाने पुसून ती माझ्या तळहातावर ठेवली.

"तर थाळीच," भाचा म्हणाला. "नवी मागवू. उद्या इंदूरहून येईल."

"नवी टाकलीस तर सहा महिन्यांत तीही अशीच येईल."

"का?"

मामांनी इंजिनाच्या मागच्या तोंडावर बोट ठेवलं. तिथे डावीकडे एक पोलादी नळी बाहेर डोकावत होती, करंगळीच्या पेराएवढी. उजवीकडे तसंच भोक होतं, रिकामं.

"डॉवेल. दोन पाहिजेत. बोल्ट धरतो, जागा डॉवेल सांगतो. बोल्टाची भोकं ढिली असतात, बोल्ट आत शिरायला. एक डॉवेल नसला की गिअरबॉक्स दुसऱ्याभोवती जरा खाली लोंबतो, मग त्याला तसाच कसतात. इंजिनाचा मध्य एकीकडे, गिअरबॉक्सचा दुसरीकडे. मधे कोण? ही."

हे ऐकून भाचा जे करायला उठला त्याने मला तो आवडायला लागला. वाद घातला नाही. थाळी काढून गिअरबॉक्सची बेलहाउसिंग तेवढी पुन्हा इंजिनाला लावली, क्रँकच्या टोकाला चुंबकाच्या बुडाचा डायल बसवला, त्याचं टोक बेलहाउसिंगच्या मधल्या गोलाईला टेकवलं आणि क्रँक हाताने सावकाश एक फेरा फिरवला. काटा ४२ घरं चालला. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

"डायल दुप्पट दाखवतो. म्हणजे मध्य २१ घरं सरकलाय. पाव मिलिमीटरच्या आतच." तो जमिनीवर बसला. "पण १८००च्या फेऱ्यांवर थाळी मिनिटाला १८०० वेळा वाकते. तासाला एक लाख आठ हजार."

"हजार जपमाळा," मामा म्हणाले. "एवढ्या जपाने दगडही झिजतो. थाळीचं काय घेऊन बसलास."

दुसऱ्या दिवशी थाळी आली, डॉवेल आला, आणि नवा वाद आला. क्रँकचे जुने बोल्ट मामांना धड वाटत होते. आटे साफ, रंग चांगला. थोडा लॉकटाइट लावून तेच कसू म्हणाले. भाचा अडून बसला.

"हे बोल्ट कसताना ताणले जातात, मामा. ठरावीक कोनापर्यंत. एकदा ताणलेला दुसऱ्यांदा तेवढं धरेल याची खात्री नाही. डोळ्याला दिसत नाही हे."

"चाळीस वर्षं दिसतंय मला."

"चाळीस वर्षांत हा बोल्ट नव्हता."

मामांनी बोल्ट हातात खेळवला, बाकावर ठेवला आणि मला म्हणाले, "दादा, नवे मागवा." इंदूरला फोन गेला, संध्याकाळच्या बसने बोल्ट आले. भाच्याने टॉर्क पान्याने समोरासमोर, दोन टप्प्यांत आणि शेवटी कोन मोजून कसले. मामा बघत होते, बहुधा शिकतही होते. तसं बोलून दाखवणं त्यांच्या पातीत बसत नाही.

कन्व्हर्टर मात्र मामांनीच बसवला. ते जवळून पाहण्यासारखं होतं. तो गिअरबॉक्समध्ये एकदम बसत नाही. आत तीन गोष्टी एकामागे एक जुळतात, शेवटी पंपाच्या खाचा. मामांनी दोन्ही पंजांनी कडा धरली, अंगाचं वजन न टाकता तो डावी-उजवीकडे हळूहळू घोळवला, जात्यात दाणे टाकताना खुंटा धरतात तसा. खट्. आणखी आत. खट्. इथे बरेच जण थांबतात, भाचा म्हणाला, आणि उरलेलं अंतर बोल्ट कसून ओढून घेतात. मग पंप फुटतो किंवा थाळी वाकते. मामा घोळवत राहिले. बराच वेळ काहीच होईना. मग तिसरी खट्, सगळ्यात बारीक, आणि कन्व्हर्टर बोटभर मागे गेला. गिअरबॉक्स इंजिनाला टेकल्यावर तो हाताने फिरत होता, आणि थाळी व कन्व्हर्टर यांच्यात चार मिलिमीटरची फट होती. अशी फट असली पाहिजे. ती नसती तर दोघेही पुन्हा खोलायला बसले असते.

इंजिन चालू झालं. ३०वर सुळका उरला होता, पण खुरटा. मामांनी स्टिअरिंगवर हात ठेवला आणि उतरले. बोलले काहीच नाहीत.

तेवढ्यात मी चूक केली. म्हटलं, "मामा, एका कागदावर लिहून द्याल का, की सील बदलताना डॉवेल हरवला? मी त्यांच्याकडे पैसे मागतो."

"नाही."

"का? दिसतंय तर."

"गाडी सेकंडहँड ना तुमची? तुमच्या आधीच्याने गिअरबॉक्स उतरवला नसेल कशावरून? मी उघडताना पाहिलं नाही. जे पाहिलं नाही ते लिहीत नाही."

"पण थरथर सील बदलल्यावर सुरू झाली," भाचा म्हणाला. "आठ महिने. तासाला एक लाखाच्या हिशेबाने चीर पडायला तेवढेच लागतात."

"तुझा हिशेब थाळीचा आहे. डॉवेलचा नाही. आधीही एकच असेल आणि नशिबाने मध्य जुळून बसला असेल. ह्यांनी काढून पुन्हा लावला तेव्हा सरकला."

"मग ह्यांनी बघायला हवं होतं की भोक रिकामं आहे!"

"हवं होतं. म्हणजे हरवला असं होत नाही."

दोघं पुन्हा जुंपले. मी बिलाचे पैसे बाकावर ठेवले. बिलावर थाळी, बोल्ट, तेल आणि खाली मामांच्या अक्षरात 'डॉवेल १'. जुनी थाळी डिकीत टाकून चापड्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा आरशात दोघं दिसत होते. आरसा स्वच्छ होता. भाचा हातवारे करत होता आणि मामा मान हलवत होते, नकारार्थी.